एक वाजून चाळीस मिनिटांची नोंद

“नोंदवू का, सर?” असे नोंदवही लिहिणाऱ्या मुलीने विचारले तेव्हा घड्याळात रात्रीचा एक वाजून चाळीस मिनिटे झाली होती, आणि मी कानांवरचे हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरून रेडिओच्या खरखरीत अजून काही शिल्लक आहे का ते शोधत होतो. काही शिल्लक नव्हते. मघाशी एक आवाज होता, जाडसर आणि सावकाश, बहुधा वयस्क माणसाचा. त्याने ‘डेल्टा लीमा’ म्हटलेले मला स्वच्छ ऐकू आले; ‘डीएल’ने सुरू होणारी कॉलसाइन, म्हणजे रेडिओ केंद्राचे अक्षरी नाव, जर्मनीची असते, म्हणजे माणूस जर्मनीतला होता. मग दूर कुठेतरी, दख्खनच्या पठारावर किंवा बंगालच्या उपसागरावर, वीज पडली असावी, कारण पुढची अक्षरे त्या कडकडाटात बुडाली. मग ‘रोमिओ’ आले, आणि अगदी शेवटी, लाटेवर बुचाचा तुकडा क्षणभर दिसून जावा तसा एकच शब्द वर आला, ‘लाइटहाउस’. मी आमची कॉलसाइन तीनदा, अक्षर न् अक्षर तोडून सांगितली. त्याच्या तोंडून ती परत आली नाही. अर्धा मिनिट थांबून पुन्हा हाक मारली, तेव्हा तिथे नुसता पावसाळी रात्रीचा सळसळाट होता.

“नोंदव,” मी म्हणालो.

ज्यांना हौशी रेडिओचा नाद नाही त्यांना यात बोचण्यासारखे काय आहे ते चटकन कळणार नाही. आमच्यात संपर्क झाला असे केव्हा म्हणायचे याचा संकेत फार जुना आणि फार साधा आहे: मी तुझी कॉलसाइन पूर्ण ऐकली, तू माझी पूर्ण ऐकलीस, दोघांनी एकमेकांच्या आवाजाची प्रत सांगितली आणि ती पोहोचल्याचे दोघांनी कबूल केले. यातले एक जरी राहिले तरी तो संपर्क नव्हे. त्या रात्री यातले काहीच पूर्ण झालेले नव्हते. पण टेबलावरच्या नोंदवहीत दिवसभराचे सगळे संपर्क होते आणि त्यांत युरोपातल्या दीपगृहाशी झालेला एकही नव्हता; आणि तीस वर्षे हा छंद करणाऱ्या माणसाला पहाटे चहाच्या वेळी सांगायला काहीतरी हवे होते. हा सगळा हिशेब मी त्या एका शब्दात उरकला.

ऑगस्टमधला तिसरा पूर्ण शनिवार-रविवार हा जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांनी दीपगृहांसाठी राखून ठेवलेला आहे. स्कॉटलंडमधल्या एअर गावच्या एका क्लबाने आपल्या किनाऱ्यापुरती सुरू केलेली ही हौस १९९८ पासून आंतरराष्ट्रीय झाली, आणि तेव्हापासून त्या दोन दिवसांत देशोदेशीचे लोक दीपगृहांच्या पायथ्याशी तंबू ठोकून किंवा दीपनौकांवर, म्हणजे दिवा घेऊन नांगरलेल्या नौकांवर, जाऊन एकमेकांना हाका मारत बसतात. ही स्पर्धा नाही, गुण नाहीत, बक्षीस नाही. ऑगस्ट महिना उत्तरेकडच्या थंड देशांच्या सोयीने ठरलेला असल्यामुळे तिकडचे लोक आरामखुर्च्या टाकून बसतात आणि आम्ही कोकणात ताडपत्रीखाली. २०२४ साली ते दिवस १७ आणि १८ ऑगस्टला आले होते, म्हणजे नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी संपणारे. कोल्हापूरहून आम्ही सात जण शुक्रवारी दुपारी दोन गाड्यांतून निघालो आणि आंबा घाटातल्या धुक्यात दिवे लावून चालत साखरपा, पाली, निवळी करीत अंधार पडायच्या सुमारास जयगडला पोहोचलो.

जयगडचे दीपगृह १९३२ चे, आणि ते ओतीव लोखंडाचे आहे. पर्यटकाला ही शोभेची माहिती वाटेल, पण रेडिओवाल्याच्या दृष्टीने तो अडचणीचा पहिला दगड असतो. आमच्याजवळची मुख्य अँटेना म्हणजे मधोमध बांबूवर उचललेली आणि दोन्ही टोकांनी खाली उतरणारी तांब्याची तार, ७ मेगाहर्ट्झसाठी दोन्ही बाजू मिळून साधारण वीस मीटर. अशी तार हवेत एकटी असली की सुतासारखी वागते. शेजारी लोखंडाचा मनोरा उभा असला की तिला वाटते आपल्याला सोबत मिळाली, आणि मग ती ठरलेल्या लहरीवर गायची सोडून भलतीकडेच सूर लावते. शुक्रवारी रात्री विजेरीच्या उजेडात तार बांधून पाहिली तर परतीच्या लहरीचे प्रमाण दाखवणारा काटा अडीचच्या वर चढला. पहिला बांबू उपटला, कुंपणाच्या कडेला नेला, पुन्हा पाहिले. तिसऱ्या जागेवर काटा दीडच्या खाली आला तेव्हा सगळ्यांच्या पायजम्यांना गुडघ्यापर्यंत तांबड्या चिखलाची किनार लागलेली होती. मग जोडांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे ताणून गुंडाळणे आले, कारण खारी हवा पितळेच्या जोडात शिरली की दोन दिवसांत हिरवी बुरशी धरते. ट्रकची बॅटरी प्लॅस्टिकच्या टबात ठेवली. ट्रान्सीव्हर, म्हणजे बोलण्या-ऐकण्याचे यंत्र, शंभर वॉटचा, म्हणजे जुन्या काळच्या एका बल्बाएवढा. पण बोलताना तो बॅटरीतून वीस अँपिअर ओढतो, म्हणून जाड वायरींना रात्रभर कुणीतरी हात लावून त्या तापल्या आहेत का ते पाहत असतो.

शनिवारी सकाळी साडेपाचला, जागतिक वेळेने शनिवार सुरू होताच, आम्ही पहिली हाक दिली आणि उत्तरादाखल एक अखंड चिरका आवाज आला. तासभर आम्ही त्या आवाजाच्या मागे होतो. दीपगृहाच्या वायरिंगपासून बंदरावरच्या क्रेनपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला, आणि शेवटी तो आमच्याच खजिनदारांच्या मोबाइलच्या स्वस्त चार्जरचा निघाला. त्यांनी तो काढून खिशात टाकला आणि दिवसभर त्यावर एक अक्षर बोलले नाहीत.

दिवस चांगला गेला. सूर्यावरच्या डागांचे अकरा वर्षांचे चक्र त्या साली शिखराजवळ होते, त्यामुळे रेडिओच्या लहरी परत खाली वळवणारे आकाशातले थर मेहेरबान होते. सकाळी बंगळुरू, हैदराबाद, कोची. दुपारनंतर १४ मेगाहर्ट्झवर ऑस्ट्रेलिया, जिथे दीपगृहांच्या या शनिवार-रविवारला पुष्कळ लोक बाहेर पडतात. तिकडच्या एका दीपगृहावरच्या बाईंनी त्यांच्याकडे चार थरांचे कपडे घालून बसल्याचे सांगितले आणि आम्ही इथे घामाने चिकटलेले सदरे सोडवत होतो. श्रावण असल्यामुळे गावातून आलेल्या डब्यात अळूचे फदफदे, तांदळाची भाकरी आणि लसणीची चटणी होती. कोकणात येऊन मासा नाही याबद्दल क्लबात जी कुजबुज झाली तिचा मी तेवढा उल्लेख करून ठेवतो. खाली खाडीच्या मुखाशी होड्यांना रंग लावण्याचे काम चालले होते. पाऊस मध्येच यायचा, ताडपत्रीवर ढोल वाजवल्यासारखा कोसळायचा, त्या वेळी समोरचा माणूस आणि ऑस्ट्रेलियातली बाई सारखीच ऐकेनाशी व्हायची.

संध्याकाळी तिथल्या ड्यूटीवरच्या गृहस्थांशी बसणे झाले. त्यांच्या हुद्द्याचे सरकारी नाव नेव्हिगेशनल असिस्टंट असे असले तरी गावात त्यांना सगळे लाइटहाउसवाले साहेबच म्हणतात. निवृत्तीला थोडी वर्षे राहिलेली, बोलणे मोजके. त्यांनी आम्हाला वर नेले. भिंग दिव्यापेक्षा कितीतरी मोठे असते, हे वाचून माहीत असणे वेगळे आणि त्या काचेच्या कंगोऱ्यांमध्ये आपल्याच चेहऱ्याच्या चिरफळ्या झालेल्या पाहणे वेगळे. ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच माणसाने दोनशे वर्षांपूर्वी जाड भिंगाचा निरुपयोगी गाभा कापून टाकून नुसते काठ ठेवण्याची युक्ती काढली, म्हणून तर एवढा प्रकाश एवढ्या वजनात मावतो. आमच्या क्लबातली सर्वांत धाकटी, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातली ती मुलगी, भिंग पाहून झाल्यावर खाली त्यांच्या टेबलावरची नोंदवही वाचत बसली. दिवा लावला, वेळ. दिवा बंद केला, वेळ. वारा, आकाश, दृश्यता. पानामागून पान तेच. तिने विचारले, “काका, दिवा कोणी पाहिला ते कुठे लिहिता?”

ते हसले नाहीत. विचार करून म्हणाले, “ते आम्हाला कळत नाही ना. दिवा लागला की कोणी कळवत नाही. विझला की मात्र देहरादूनपर्यंत कळतं.”

हे अक्षरशः खरे आहे. समुद्रावरचा एखादा दिवा बंद पडला तर देहरादूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाकडून नाविकांना सूचना निघते, आणि तो पुन्हा लागेपर्यंत ती त्याच्या नावावर राहते. समुद्रापासून हजारभर किलोमीटर आत, डोंगरांच्या पायथ्याशी बसून कोणीतरी किनाऱ्यावरच्या विझलेल्या दिव्यांची नोंद ठेवत असते, ही गोष्ट मला माहीत होती. तरी त्यांच्या तोंडून ऐकताना ती नव्याने चमत्कारिक वाटली. आता जहाजांवर उपग्रह आहेत, पडद्यावर आपली जागा मीटरांत दिसते, समोर कोळशाच्या जेटीवर लागलेल्या बोटींपैकी किती जणांनी त्या रात्री डोळे वर करून हा दिवा मोजला असेल कोण जाणे. मोजणे हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. प्रत्येक दीपगृहाच्या चमकण्याचे गणित वेगळे असते, सेकंद मोजले की अंधारातही किनाऱ्याचे नाव कळते. मॉर्स, म्हणजे टिंब-रेघांची लिपी, शिकलेल्या माणसाला हे ताबडतोब आपलेसे वाटते: इथेही प्रत्येकाची कॉलसाइन आहे, फक्त ती रात्रभर एकट्याने सांगत राहायची.

दीपगृह आणि बिनतारी यांची सोयरीक तशी फार जुनी. मार्कोनीच्या माणसांनी १८९८ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या साउथ फोरलँड दीपगृहावर आणि समोरच्या वाळूच्या दांड्यापाशी नांगरलेल्या ईस्ट गुडविन या दीपनौकेवर यंत्रे बसवली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये धुक्यात एक जहाज त्या दीपनौकेवरच येऊन आदळले तेव्हा मदतीची हाक तारेशिवाय किनाऱ्यावर गेली. धोक्यापासून इतरांना दूर ठेवण्यासाठी उभ्या असलेल्या नौकेलाच स्वतःसाठी ती हाक मारावी लागली. ती हाक ऐकायला समोर माणूस होता आणि त्याने ऐकल्याचे कळवले, एवढाच काय तो दिव्यात आणि रेडिओत फरक.

मला मॉर्स ज्यांनी शिकवले ते गृहस्थ व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. निवृत्त होऊन कोल्हापुरात आले तेव्हा त्यांच्या सामानात जहाजावरचे एक घड्याळ होते. त्याच्या तबकडीवर तासाच्या पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस या मिनिटांवर लाल पाकळ्या रंगवलेल्या होत्या. ५०० किलोहर्ट्झ ही समुद्रावरची संकटाची लहर. त्या तीन-तीन मिनिटांत जगातल्या सगळ्या जहाजांनी आणि किनारी केंद्रांनी तिच्यावर बोलणे बंद करायचे आणि नुसते ऐकायचे, म्हणजे एखादा बुडता माणूस क्षीण आवाजात हाक मारत असेल तर तो गर्दीत चिरडला जाणार नाही. या मौनाच्या वेळा पाळल्याची नोंदही ठेवावी लागे. सर सांगत, की आयुष्यातली बहुतेक पाने त्यांनी ‘काहीही ऐकू आले नाही’ एवढ्याच मजकुराने भरली, आणि ते लिहिताना त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. १ फेब्रुवारी १९९९ ला जहाजांवरची नवी उपग्रहाधारित व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि त्या लहरीवरचे ऐकणे हळूहळू संपले. सरांनी घड्याळ बंद केले नाही. आम्ही शिकायला बसलो असताना काटा लाल पाकळीत शिरला की ते बोलता बोलता थांबत, आणि स्वयंपाकघरातून कुणी हाक मारली तरी ओ देत नसत. तेव्हा आम्ही मुले एकमेकांकडे पाहून हसू दाबायचो.

त्यांनी परीक्षेच्या आधी मला दिलेली ताकीद एकच होती. सुटलेले अक्षर सुटले. अंदाजाने भरशील तर पुढचेही सुटेल.

आणि तरीही मी त्या रात्री ‘नोंदव’ म्हणालो. त्या वेळेचे वातावरण माझ्या बाजूने बोलते का, ते मी अनेकदा तपासून पाहिले आहे. पाऊस थांबून झिमझिम उरली होती. त्या झिमझिमीत दिव्याचे झोत डोक्यावरून फिरताना दिसत होते, एरवी ते दिसत नाहीत. हवेत पाण्याचे कण असले की मगच उजेडाला अंग येते. ढगांमागे पौर्णिमेला टेकलेला चंद्र होता, म्हणून अंधार असा नव्हताच, सगळीकडे राखाडी दूध सांडल्यासारखे होते. बाकीचे पाच जण गाड्यांत झोपले होते. खालून लाटांचा आवाज येत होता आणि कानांत दुसरा, त्याहून मोठा समुद्र होता. अशा वेळी साडेसहा हजार किलोमीटरवरून एक म्हातारा आवाज येतो, आकाशातल्या अडीच-तीनशे किलोमीटर उंचीच्या थराला दोन-तीनदा आपटून, आणि म्हणतो, दीपगृह. तिकडे रात्रीचे सव्वादहा वाजत असणार. त्याच्याही डोक्यावरून झोत फिरत असेल, त्याचाही उजेड क्षितिजाशी संपत असेल, आणि त्या दोन उजेडांची गाठ कधी पडणार नाही. मला हे फार आवडले. इतके आवडले की ते झाले आहे असे मी ठरवून टाकले.

पहाटे चहाच्या वेळी तिच्याआधी मीच बोललो. “जर्मनी मिळालं रात्री. दीपगृह.” खजिनदारांनी चार्जर प्रकरणानंतर पहिल्यांदाच तोंड उघडून वाहवा केली. लाइटहाउसवाले साहेब कठड्याला टेकून चहा पीत होते. त्यांनी विचारले, “आपलं त्यांना ऐकू गेलं का?” या प्रश्नाला दोनच उत्तरे आहेत. मी म्हणालो, “बहुतेक.” त्यांनी मान हलवली, पूर्वेकडे पाहिले, पेला खाली ठेवला आणि दिवा बंद करायला वर गेले. ती मुलगी नोंदवहीवर प्लॅस्टिकची पिशवी चढवत होती. ती काही बोलली नाही, आणि मी तिच्याकडे पाहिले नाही.

रविवारी दुपारी चार वाजता आम्ही तारा उतरवल्या. पुढच्या बैठकीत मी अठ्ठावन्न संपर्क झाल्याचे सांगितले आणि त्यातल्या एकाचे वर्णन जरा रंगवून केले. झोत, झिमझिम, जाडसर आवाज. एकाने तर विचारले, की त्या दीपगृहाचे नाव काय. मी म्हणालो, कार्ड आले की कळेल. संपर्काची पावती म्हणून एकमेकांना पाठवायची ही कार्डे सावकाश प्रवास करतात, वर्ष-वर्ष लागते, हे उत्तराच्या कामी आले.

सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओसरल्यावर मी नोंदवही संगणकावर चढवायला घेतली. पानांना अजून दमट वास होता आणि काही ठिकाणी शाई पलीकडच्या पानावर उतरली होती. बहुतेक अक्षर तिचेच होते, बारीक आणि सरळ. एकेचाळिसाव्या ओळीपाशी प्रोग्रॅमने लाल खूण दाखवली: कॉलसाइन अपूर्ण. मी चष्मा पुसून वहीत पाहिले. वेळेच्या रकान्यात जागतिक वेळ होती, २०:१०, तारीख १७; आणि खाली अगदी लहान अक्षरांत आपली वेळ, १:४०, तारीख १८. कॉलसाइनच्या रकान्यात ‘डीएल’, मग मोकळी जागा, मग ‘आर’. आम्ही दिलेल्या प्रतीच्या रकान्यात आडवी रेघ. त्यांनी दिलेल्या प्रतीच्या रकान्यात आडवी रेघ. शेऱ्यात लिहिले होते: विजा. ‘लाइटहाउस’ एवढेच. आपले त्यांना पोहोचले नाही.

मी तिला फोन केला. तिची परीक्षा चालू होती. मागे मुलींच्या वसतिगृहातला भांड्यांचा आवाज येत होता. ती ओळ अशी का लिहिलीस, असे मी विचारले, आणि माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा थोडा करडा निघाला असावा, कारण ती गोंधळली. म्हणाली, “तुम्ही नोंदव म्हणालात ना, सर. म्हणून जेवढं आलं तेवढं नोंदवलं. चुकलं का?”

नाही, म्हणालो. अभ्यास कर.

मग उरलेल्या सतरा ओळी चढवल्या. शेवटी पडद्यावर बेरीज आली, सत्तावन्न. बैठक पुढच्या रविवारी होती.